उरलेला सिनेमा पुरा करून मिळणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, भोर,
जि. पुणे.

अर्जदार : हनीफ दादाभाई मणेर, वय ५४, धंदा बांगड्या भरणे व विकणे, रा. भोर.

विषय : कॉलेजच्या मुलांनी सुरुवात करून सोडून दिलेला थरारपट शेवटापर्यंत पुरा करावा, व जिथे जिथे सुरुवात दाखविली तिथे तिथे शेवटही दाखवावा, असा हुकूम होणेबाबत.

संदर्भ : सदर चित्रपटाची सीडी. चित्रपटास नाव नाही. नावाच्या जागी लाल रंगाचे प्रश्नचिन्ह आहे.

महोदय,

या अर्जात राग दिसला तर तो आपल्या कार्यालयाविषयी नाही, हे अर्जदार आधीच लिहून ठेवतो. कोणाविषयी आहे ते पुढे येईलच.

१) अर्जदाराचे घराणे बांगड्यांचे. वडील दादाभाई डोक्यावर पेटी घेऊन वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत पायी जात. अर्जदार एसटीने जातो, एवढाच फरक. या धंद्याचा एक रिवाज साहेबांना माहीत असणे जरुरीचे आहे, कारण सगळी तक्रार त्यावरच उभी आहे. परक्या बाईचा हात भर ओसरीत, चारचौघांदेखत धरण्याची मुभा बांगडीवाल्याला असते. दुसऱ्या कोणा परपुरुषाला ती नसते. त्या बदल्यात बांगडीवाल्याने मनगटाच्या वर बघायचे नाही. अर्जदाराने बघितलेले नाही. बायकाही त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, काच लागेल म्हणून हाताकडेच बघतात. त्यामुळे अर्जदार बाजारात समोरून गेला तर निम्म्या बायका त्याला ओळखणार नाहीत. मात्र त्याचा उजवा हात, त्यावरचा अंगठ्याच्या मुळाशी काच लागून झालेला जुना व्रण, करंगळीशेजारची फिरोज्याची अंगठी, हे दोन तालुक्यांतल्या बायका झोपेतून उठवून विचारले तरी ओळखतील.

२) गणपतीच्या दिवसांत आंबवड्याच्या चंद्राबाईंचा मुलगा सोमनाथ हा अर्जदाराकडे आला. तो भोरला कॉलेजात शिकतो. त्याच्या बारशाला नजर लागू नये म्हणून त्याच्या हातात काळ्या बांगड्या अर्जदारानेच घातल्या होत्या, ही बाब आज लिहिताना तोंड कडू होते. सोबत त्याच्या वर्गातली रत्ना होती. पुण्यात कसली तरी स्पर्धा होती आणि त्या स्पर्धेसाठी थरारपटाची फक्त सुरुवात करून पाठवायची होती. पुढचा सिनेमा कोणी मागितलेला नव्हता. अर्जदारास ही गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती.

सोमनाथने थरारपटाचे नियम बोटांवर मोजून सांगितले. दिवे गेले पाहिजेत. नळ गळला पाहिजे. घड्याळ जवळून दिसले पाहिजे. काहीतरी फुटले पाहिजे. माणसाचे तोंड दिसता कामा नये. आणि सर्वांत मोठा नियम असा की शेवटी उत्तर द्यायचे नाही, बघणाऱ्याला टांगून ठेवायचे. अर्जदाराने विचारले, मग यात माझे काय काम? त्यावर सोमनाथचे शब्द असे :

"चाचा, तुमच्यावानी मनगट कुणाला धरता येत न्हाई. आमी धरलं की खोटं वाटतंय. आन तुमचं तोंड दिसनारच न्हाई, मग तुमी हाय हे कळनार कुणाला?"

अर्जदारास हे बोलणे पटले. तोंड नाही तर माणूस नाही, असे त्याला वाटले. इतकी वर्षे ज्या हातावर पोट भरले तो हात आपल्या तोंडाहून जास्त ओळखीचा आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. या मूर्खपणाचा दोष तो कोणावरही टाकत नाही.

३) चित्रीकरण रत्नाच्या चुलत्याच्या रिकाम्या खोलीत, टळटळीत दुपारी झाले. रात्र पाहिजे म्हणून खिडकीला निळा कागद चिकटवला. त्या दिवशी नळाला पाणी आले नव्हते, तर एक मुलगा स्टुलावर उभा राहून तांब्याने थेंब थेंब पाणी सोडत होता. घड्याळ बंद होते, त्याचा काटा बोटाने ढकलला. वीज जाण्यासाठी मात्र कोणाला काही करावे लागले नाही.

मग रत्नाने हात पुढे केला. अर्जदाराने तो नेहमीसारखा धरला, म्हणजे बोटांची हाडे अलगद जवळ येतात आणि बांगडी न टोचता वर सरकते तसा. त्याने एक डझन हिरव्या बांगड्या तिला भरल्या. सोमनाथ म्हणाला, आता दाबा, फुटू द्या. अर्जदार उठून उभा राहिला. बाईच्या हातातली बांगडी फुटली असे आमच्या धंद्यात म्हणतसुद्धा नाहीत, वाढली म्हणतात, आणि हा पोरगा ती हाताने फोडायला सांगत होता. तसे त्याला स्पष्ट सांगून, त्या बांगड्या रत्नाला भेट देऊन अर्जदार घरी आला.

तो गेल्यावर या मुलांनी त्याच बांगड्या उतरवून खलबत्त्यात कुटल्या. त्यावर कुंकवाचे पाणी ओतले, त्याचे चित्र घेतले आणि ते अर्जदाराच्या हाताला जोडून दिले. भेट दिलेल्या वस्तूची अशी विल्हेवाट अर्जदाराने आजवर पाहिली नव्हती.

४) हा प्रकार नवरात्रात भोरच्या केबलवर दाखविण्यात आला व आंबवड्यात देवळापुढे पांढरे कापड बांधून दाखविण्यात आला. अर्जदाराने तो पूर्ण पाहिला आहे. नळ गळतो. दिवे जातात. कुत्रे रडते. बाई विचारते, कोण आहे? कोणी उत्तर देत नाही. साहेब, आपल्याकडे रोज दिवे जातात, तेव्हा माणसे काडेपेटी शोधतात, शेजाऱ्याला हाक मारून तुमचेही गेले का म्हणून विचारतात. या सिनेमात शेजारी नाही, काडेपेटी नाही, कोणी जेवलेले दिसत नाही. आहे तो फक्त एक हात. तो अंधारातून येतो, मनगट धरतो, काच फुटते, लाल पाणी वाहते, किंकाळी येते आणि प्रश्नचिन्ह. संपले. हात कोणाचा, त्याने का धरले, बाई वाचली की मेली, काही नाही. असल्या शिळ्या युक्त्यांना मुले कला म्हणतात. अर्जदारास त्याची शिसारी आली.

देवळापुढच्या गर्दीतून कोणी बाई म्हणाली, "आगं बया, ह्यो तर मणेराचा हात." तिथून पुढे सगळे बिघडले.

५) पासली, तालुका वेल्हे, येथील ठकुबाई यांच्या नातीचे लग्न तुळशीची लग्ने आटोपल्यावर, येत्या रविवारी आहे. शनिवारी चुडा भरायचा आहे. ठकुबाईंचा स्वतःचा चुडा अर्जदाराच्या वडिलांनी भरला होता, सुनांचा अर्जदाराने. त्या घरात जो बांगडीवाला बसतो तोच त्या खोऱ्यात चालतो, हे सर्वांना ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात अर्जदार मापे घ्यायला गेला. ओसरीत बायका बसल्या, पेटी उघडली, चहा आला. हात मात्र एकीचाही पुढे आला नाही. सगळ्यांचे हात पदराखाली.

ठकुबाईंनी खोटे बोलून वेळ मारून नेली नाही, याबद्दल अर्जदार त्यांचा आभारी आहे. त्या म्हणाल्या, "हनीफभाऊ, तुमी काय केलं आसं कुणी म्हनत न्हाई. सिनेमा हाय, आमाला कळतंय. पर हात म्होरं व्हत न्हाई बगा. मन आयकतंय, हात आयकत न्हाई."

मग बांगड्या ठेवून जा, आम्ही आमच्या भरतो, असे ठरले. अर्जदाराच्या डोळ्यांदेखत त्या नवरीने स्वतःच बांगडी चढवायला घेतली. ती हाडाशी अडली, पोरीने जोर केला, आणि काच तिच्या हातात गेली. रक्त आले. खरे रक्त आले, साहेब, कुंकवाचे पाणी नव्हे. अर्जदार हातभर अंतरावर बसलेला होता आणि त्याला हात लावता आला नाही. या गोष्टीची त्याला जितकी चीड आहे तितकी आजवर कशाची आलेली नाही. निघताना ठकुबाई म्हणाल्या, शनिवारपर्यंत काही झाले तर या, नाहीतर आम्ही बाजारातून धातूच्या बांगड्या आणू, त्या कोणीही घालतो.

६) अर्जदार हातावर हात धरून बसलेला नाही. त्याने अंगठी काढून डाव्या हातात घातली, तर बायका म्हणाल्या, ओळखू येऊ नये म्हणून काढली. डाव्या हाताने भरून पाहिल्या, त्यात बांगड्या वाढल्या. शेवटी कापडी हातमोजा घातला, तेव्हा एक मुलगी किंचाळून आत पळाली. थरारपटातले खुनी हातमोजे घालतात ही माहिती अर्जदारास तोवर कोणी दिलेली नव्हती. परवा कापूरहोळला एसटीत त्याने उभ्याने दांडी धरली, तर दांडीखालची बाई उठून मागच्या बाकावर गेली. अर्जदार आता हात खिशात घालून हिंडतो. त्यावरही लोक बोलतात.

७) ठाण्यात चौकशी केली असता, यात गुन्हा दिसत नाही असे सांगण्यात आले. ते बरोबरच आहे. कॉलेजच्या प्राचार्यांनी स्पर्धेचा कागद दाखवला, त्यात फक्त सुरुवातच मागितली होती. तेही बरोबर. सोमनाथकडे गेल्यावर त्याने कपाटावरची ढाल दाखवली. पहिला नंबर आला होता.

अर्जदाराने त्याला पुढची गोष्ट सुचवली. ती अशी : दिवे येतात. तो हात बांगडीवाल्याचा असतो. बाईनेच त्याला बोलावलेले असते, अंधारात ती दचकलेली असते, एवढेच. ती हसते. तो दुसरा हात भरतो. मग चहा होतो आणि सगळे पितात.

सोमनाथ म्हणाला, "मग थ्रिलर कुठं ऱ्हायला, चाचा?"

अर्जदार एवढेच विचारतो, की त्याने आंबवड्यात चंद्राबाईंचा एक हात भरला असता, दुसरा मोकळा ठेवून पेटी बंद केली असती, आणि आता तुम्हीच विचार करा म्हणून एसटी धरली असती, तर त्या बाईने त्याला गावात पुन्हा पाऊल ठेवू दिले असते काय? इथे निम्मे काम करून पोरांना ढाल मिळते, टाळ्या मिळतात. उरलेले निम्मे अर्जदाराच्या गळ्यात. ज्याला शेवट माहीत नाही त्याने दुसऱ्याच्या हाताने सुरुवात करू नये, असे अर्जदाराचे स्पष्ट मत आहे.

८) सबब मागणी अशी की :

अ) सदर मुलांनी शनिवारच्या आत पुढचा भाग करावा. त्यात अर्जदाराचे तोंड दिसावे. दिवसाउजेडी, निळा कागद न लावता.

आ) तो भोरच्या केबलवर, आंबवड्यात व पासलीत दाखवावा. पासली वेल्हे तालुक्यात असल्याने साहेबांचा हुकूम तिथे चालत नसेल, तर वेल्ह्याच्या साहेबांना कळवावे. हाताला तालुक्याची हद्द कळत नाही.

इ) पुढचा भाग होणे नसेल, तर साहेबांनी एखादे सरकारी पत्र द्यावे, की हनीफ मणेर याने कोणत्याही बाईच्या हातातली बांगडी फोडलेली नाही. अर्जदार ते पेटीच्या झाकणाला आतून चिकटवील. असले पत्र सरकार देत नाही हे त्याला समजते. तरी मागून पाहतो.

९) ही बाब अर्जात घालावी की नाही याचा अर्जदाराने पुष्कळ विचार केला. ईदच्या आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावर तो दर वर्षी पहिल्या बांगड्या घरी, बायको मासूमा हिला भरतो. मग दुकान. हा त्याच्या वडिलांपासूनचा शिरस्ता. यंदाही तो पेटी घेऊन बसला. मासूमाने हात पुढे केला. अर्जदाराने तो धरला मात्र, आणि तिने मागे घेतला. मासूमा चित्रीकरणाच्या दिवशी त्या खोलीत होती. स्टुलावरच्या मुलाच्या हातात तांब्या भरून तिनेच दिला होता. सगळे खोटे आहे हे तिच्याइतके कोणालाही माहीत नाही.

तिला स्वतःचीच लाज वाटली. ती म्हणाली, "भरा तुमी. म्या डोळं मिटून घेते."

अर्जदाराने पेटी बंद केली. बायकोने डोळे मिटून हात द्यावा, असा धंदा त्याला करायचा नाही. ईदला सगळे नातेवाईक आले, आणि बांगडीवाल्याच्या बायकोचे हात रिकामे होते. कोणी काही विचारले नाही. सगळ्यांनी सिनेमा पाहिलेला होता.

त्यानंतर हात धुताना अर्जदाराने आपला उजवा हात नीट पाहिला. तो व्रण, ती बोटे. क्षणभर त्यालाही नळ गळल्याचा आवाज आला आणि त्याने हात झटकला. त्या झटकण्याबद्दल तो सोमनाथला माफ करणार नाही. बाकी सगळे कदाचित करील.

शनिवारी सकाळच्या पासली गाडीने अर्जदार पेटी घेऊन निघणार आहे, हुकूम झाला तरी आणि न झाला तरी. हुकूम झाला तर त्या ओसरीत बसेल. न झाला तर पेटी उंबऱ्याशी ठेवील आणि हाडे न दुखवता बांगडी कशी चढवायची ते ठकुबाईंच्या सुनांना लांबून, तोंडाने सांगेल. त्या पोरीला पुन्हा काच लागू नये.

आपल्या शब्दाची शनिवारपर्यंत वाट पाहणारा,
नम्र अर्जदार

हनीफ दादाभाई मणेर
भोर, दि. २२ नोव्हेंबर २००४

सोबत :
१) चित्रपटाची सीडी. साहेबांनी घरी लावू नये, ही विनंती.
२) हिरव्या बांगड्या, एक डझन, सर्व अखंड. ही भेट नाही, पुरावा आहे, परत मिळावा.
३) या कागदाच्या मागे अर्जदाराच्या उजव्या हाताचा पंजा शाईने उमटवला आहे. अर्जदारास सही करता येते व ती वर केलेली आहे. तरी आपल्या कार्यालयात अर्ज घेणाऱ्या बाईंनी कागद कडेला धरून घेतला, म्हणून तो परत मागून ही ओळ लिहितो : शाई वाळलेली आहे. हात लावण्यास हरकत नाही.