पांढऱ्या पेशी उतरल्या

२ मार्च, सोमवार

ऑफिसला गेले. साठलेल्या दोन फाइली हातावेगळ्या केल्या. घरी आले तर भाऊजी हनुवटीला रुमाल लावून बसलेले. दाढी करताना कापलं होतं, तिथे गळू आलंय. "वहिनी, दादाचा रेझर काही मला मानवला नाही!"

हे गेल्यावर सासूबाईंनी यांचा रेझर धाकट्याला दिला. आठवण म्हणून. मला तो जागेवरून हलवायचा नव्हता.

३ मार्च

गळू फुगलं. ताप. "एका फोडासाठी डॉक्टर? लोक हसतील, वहिनी."
यांचंही तापानेच सुरू झालं होतं.

४ मार्च

खोकला लागला. दवाखान्यात दाखल केलं. रक्तात पांढऱ्या पेशी खूप वाढल्यात. नर्स म्हणाली, "जंतूंशी झुंजताहेत, वाढणारच."

६ मार्च

सकाळचा रिपोर्ट आला. पेशी अठरा हजारांवरून दोन हजारांवर! सासूबाई शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगत सुटल्या — "उतरलं हो, माझ्या लेकाचं उतरलं!" भाऊजी ऑक्सिजनच्या मास्कच्या आतून हसले.

मी जिन्यात जाऊन बसले. हेही असंच हसले होते. "बघ, आकडा उतरला. परवा घरी!" परवा घरी आले. उचलून आणावे लागले.

मी कधी कोणाला अडवत नाही. आज डॉक्टरबाईंना दारातच अडवलं. "हे उतरणं चांगलं ना?"

त्या थांबल्या. "नाही." हा जंतू विष सोडतो म्हणाल्या. त्या विषाने पांढऱ्या पेशींनाच भोकं पडतात, त्या फुटतात. आणि जंतू मारायला त्यांच्या आत जे जहाल असतं ते फुप्फुसात सांडतं. फुप्फुस जळतं ते आपल्याच मालाने.

"म्हणजे पेशी संपताहेत?"
"नव्या बनताहेत त्याहून लवकर."

मग मी यांचं सांगितलं. थोरला भाऊ, महिन्यापूर्वी, ताप आणि न्यूमोनिया, आकडा असाच कोसळला. डॉक्टरबाई चमकल्या. "अहो, हे आधी का नाही बोललात?" काय सांगणार? यांची छाती, भाऊजींची हनुवटी — दोन्हींचा संबंध आमच्या डोक्यातच आला नाही. आणि आमच्या घरात हे गेल्यापासून त्या तापाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

लगेच दुसरं औषध जोडलं. जंतू मरेपर्यंत त्याचं विष बनणं तरी थांबवणारं.

७ मार्च

फरक नाही. छाती हलतेय का, एवढंच बघत बसले.

८ मार्च

सासूबाई घरी जाऊन रेझर टाकून आल्या. "मीच दिला गं. एक गेला, दुसऱ्याच्या हातात मीच ठेवला." मला समजूत घालता येत नाही. पाठीवर हात ठेवला. "नका हो, आई" एवढंच म्हटलं.

१० मार्च

पेशी वाढल्या! दुपारी भाऊजींचा मास्क काढला. पहिलं वाक्य — "वहिनी, आता दाढी वाढवणार. बुवा होतो." सासूबाई म्हणाल्या, "मेल्या, आधी नीट श्वास घे!" मी हसले. मग थांबता येईना, रडूच आलं. हे गेल्यापासून पहिल्यांदाच.

१४ मार्च

भाऊजी उद्या घरी येतील. डॉक्टरबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. परवा घरच्यांच्या नाकातले नमुने घेतले होते, सासूबाईंचा आणि माझा. सासूबाईंच्यात काही नाही. माझ्यात आहे. भाऊजींच्या गळवातला तोच जंतू. कधीपासून, सांगता येत नाही.

"तुम्हाला काही करत नाही, नुसता राहतो. कित्येकांच्या नाकात असतो. यात तुमचा दोष नाही."

मान हलवली. मलम घेऊन घरी आले. सासूबाई स्वयंपाकघरात आहेत, अजून स्वतःलाच बोल लावताहेत. त्यांना आजच सांगायला हवं.

खोलीचं दार लावलं. हात धुतले. दोन्ही नाकपुड्यांत मलम लावलं आणि सांगितलं होतं तसं नाक चिमटीत धरून चोळलं.