बोटं नसलेलं पाऊल

आई, थंडी पडली आहे. द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून आम्ही पहाटेच बागेत ओळींच्या मधे शेकोट्या पेटवून धूर करतो. तासगावची थंडी चार दिवसांची पाहुणी, पण ती पायातून अंगात शिरते, असं तू म्हणायचीस. तुझे पाय तर बाराही महिने गार. म्हणून फौजेतल्या मामाने तुला जाड लोकरीचे मोजे आणून दिले होते. एक जोड पायात, एक कोरडा ओच्यात. दवाने पहिला भिजला की बांधावर बसून बदलायचीस. बूट बाबांचे, ढगळ. घट्ट बुटात पाय जास्त गारठतो म्हणायचीस, आणि तू फटक फटक चालायला लागलीस की मला हसू आवरायचं नाही.

एका पहाटे मी ओले, बधिर झालेले पाय शेकोटीवर धरले होते. पाठीत तुझा धपाटा बसला. "पाय मागं घे की गं! बधिर पायाला इस्तू कळत न्हाई. कातडं जळल्याचा वास येईल, चटका न्हाई." मग माझी पावलं मांडीवर घेऊन पदराने पुसलीस, ओच्यातला जोड मला घातलास आणि स्वतः ओल्यातच राहिलीस. तो जोड तुझ्या अंगाएवढा गरम होता. आठवलं की अजून रडू येतं.

तू गेलीस तेव्हा तेच मोजे मी तुझ्या पायात घातले. काकू म्हणाली, "असं मोजं घालून कोण जातंय व्हय गं?" बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लय गारठायची ती." गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते पिठातल्या पावलावरून कळतं म्हणतात; त्या रिवाजाप्रमाणे तुझ्या जागेवर पीठ पसरून, दिवा ठेवून टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलून काकू वाकून बघत बसली. "पाखराचं न्हाई, जनावराचंबी न्हाई. हे कशाचं पाऊल म्हणायचं?" पिठात एक लांबट, गुळगुळीत खळगा होता, बोटं नसलेला. मी ओळखलं, मोज्यातलं पाऊल होतं ते.

त्याला बरीच वर्षं झाली. काल उजाडताना ओळीतल्या राखेत माझ्या बुटांच्या नक्षीशेजारी तीच खूण दिसली. आज पुन्हा. बांधाकडून येणारी, एकामागे एक. मी मागोमाग चालत गेले. पावलं शेकोटीपाशी थांबली नव्हती, सरळ निखाऱ्यांत गेली होती. बाहेर येणारं एकही नव्हतं. जळक्या लोकरीचा वास येत होता.

आई, इतके बधिर झालेत का गं तुझे पाय? पाय मागं घे, असं ओरडणार होते. पण तू ऐकलं असतंस, मागं सरली असतीस, आणि मग कुठे गेली असतीस कोण जाणे. मी आणखी काटक्या घातल्या. हे पत्र शेकोटीत टाकलं तर तुला पोचेल, एवढं मला ठाऊक आहे. पण त्यात तुझं ते 'पाय मागं घे' आहे. म्हणून खिशातच ठेवलंय.