चोवीस, छत्तीस आणि नाना

त्सुकुबा, रविवार

तीर्थस्वरूप नाना यांस,
आपला जावई नीलकंठ याचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण ते खरं नाही. तुमचा गुडघा कसा आहे? गणपतीपर्यंत तो ठणठणीत होता. तीन आठवड्यांपूर्वी रविवारी दुपारी तो एकाएकी दुखायला लागला, 'गुडघा दुखतो, तिकीट रद्द केले आहे' एवढाच निरोप आला, आणि तेव्हापासून तुम्ही आमचा फोन उचलत नाही. (अस्मिता म्हणते, नानांचा गुडघा रुसल्यावरच दुखतो. मुलगी तुमची आहे, मी फक्त तिचं म्हणणं कळवतो.) म्हणून हे कागदी पत्र. तुम्ही यावं असा आग्रह करायला ते लिहिलेलं नाही. त्या रविवारी घडलं ते गणित तेवढं मांडून दाखवतो. छत्तीस वर्षं कऱ्हाडच्या शाळेत तुम्ही गणिताचे पेपर तपासलेत, तेव्हा उत्तर चुकलं तरी पायऱ्या बघून मार्क द्यावेत.

तर ओवीला पाचवीत मसावि आहे. मी इथल्या संशोधन संस्थेत धातूंच्या स्फटिकांवर काम करतो, तेव्हा दहा वर्षांच्या मुलीला मसावि शिकवणं म्हणजे हातचा मळ, असं मला वाटलं. सुरुवात नावापासूनच बिनसली. मसावि म्हटल्यावर तिला वासाबी ऐकू आलं आणि ती पाच मिनिटं हसत बसली. मग मी महत्तम सामाईक विभाजक असं पूर्ण नाव सांगितलं, तर तिने जपानीत विचारलं (आमच्याशी ती जपानीतच बोलते, मराठी बोलते ती फक्त तुमच्याशी) की चोवीस आणि छत्तीसचा महत्तम बारा, आणि लघुतम मात्र बहात्तर, हे कसं? मोठा म्हणवतो तो एवढासा आणि छोटा म्हणवतो तो एवढा मोठा? मला राग आला, कारण पाचवीत हाच प्रश्न मीही विचारला होता आणि मास्तरांनी मला उठाबशा काढायला लावल्या होत्या. (ते मास्तर तुम्ही नव्हेत.) उत्तर मला तेव्हाही मिळालं नाही, त्यामुळे मी आवाज चढवला.

वास्तविक तिला शाळेत छान शिकवलेलं आहे. दोन संख्या शेजारी लिहायच्या, दोघींना जाईल त्या संख्येने भागत भागत खाली यायचं, एकेक ओळ चिकाच्या पडद्यासारखी उलगडत जाते. तिने दोनाने भागलं, पुन्हा दोनाने, मग तीनाने, आणि अर्ध्या मिनिटात बारा काढून दाखवले. मी तिथेच उठून चहा प्यायला हवा होता. पण मी म्हटलं, आपल्या पद्धतीने मूळ अवयव पाड. (अवयव पाडण्यात इथली मुलं तरबेज. बाटलीचं झाकण वेगळं, बाटलीवरचा कागद वेगळा आणि बाटली वेगळी केल्याशिवाय इथे कचरासुद्धा उचलत नाहीत.) दोन, तीन, पाच, सात, सगळ्या क्रमाने लावून बघायच्या, एकही सोडायची नाही, हा माझा हट्ट. खाली उरले होते दोन आणि तीन. त्यांना सात लावून बघायची गरज नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. ओवीलाही कळत होतं. मलाच कळत नव्हतं, आणि मी 'सात बघ, सात बघ' करत तिच्या डोक्यावर बसलो होतो.

आता मूळ घोटाळा. जपानीत साताला दोन नावं आहेत. तुम्ही चार महिने मोबाइलवर जपानी शिकलात, त्यात तुम्हाला 'शिची' शिकवलं. दुसरं नाव आहे 'नाना'. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही, ही माझी चूक. मराठीत सांगून मुलगी ऐकेना, म्हणून मी जपानीवर आलो आणि ओरडलो, "नाना वा? नाना वा?" म्हणजे, साताचं काय? तिने पेन्सिल फेकली आणि किंचाळली, "नाना दामे! नाना इरानाई!" सात चालत नाही, सात नको. अस्मिताने तुम्हाला फोन लावून तो भाताच्या कुकरला टेकवून ठेवला होता. मला वाटलं नुसती रिंग जातेय. तुम्ही पलीकडे जेवून हात पुसत बसला होता. 'दामे' तुम्हाला येत होतं. 'इरानाई' तर मीच शिकवलं होतं, की कोंबिनीत म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात पिशवी हवी का विचारतात, तेव्हा हवी तर 'इरु' म्हणा, नको तर 'इरानाई'. दोन्ही शब्द तुम्ही अचूक ओळखलेत. माझं शिकवणं आजवर एकाच माणसाच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि त्याने तिकीट रद्द केलं.

ओवीला मी काही सांगितलेलं नाही, कारण आपल्यामुळे नाना तुटले असं तिला वाटेल. दर रविवारी चार वाजता ती फोन कुकरला टेकवते आणि समोर बसते. रिंग संपते. मग उठून आत जाते. तीन आठवड्यांत या घरात तिच्या तोंडून मराठीचा एक शब्द आलेला नाही. नाना, मी घाबरलो आहे. तिच्यात आणि माझ्यात आता सामाईक विभाजक शोधायला गेलं तर फक्त एक सापडतो. (एक काय, कुणातही सापडतो, त्याचं काय कौतुक.)

सौ. आईंना नमस्कार. राग जितका उतरेल तितका लोभ चढता ठेवावा.

आपला,
नीलकंठ

ता. क. बावीस तारखेला ओवीच्या वर्गात पालकांनी मागे उभं राहून तास बघायचा दिवस आहे. विषय मसावि. आपले गणिताचे मास्तर असलेले आजोबा येणार, हे तिने बाईंना सप्टेंबरातच सांगून ठेवलंय. सगळे उभे राहणार, तुमच्यासाठी मात्र बाईंनी एक खुर्ची सांगितली आहे. आग्रह नाही असं मी वर लिहिलंय, ती ओळ खोडलेली समजावी. या.

ता. क. २. आलात तर लिफ्टमधल्या बाईने 'नाना' म्हटल्यावर ओ देऊ नका. ती सातवा मजला सांगत असते. भाजणी आणावी.

ता. क. ३. मी पाकीट शोधायला गेलो तेवढ्यात ओवीने हे पत्र अस्मिताकडून वाचून घेतलं. मग तिने खाली स्वतः लिहिलं. मी काही दुरुस्त केलेलं नाही.

१४ आणि ३५ चा मसावी = नाना.
नाना इरु.