तक्त्याची मागची बाजू

रविवार, १२ ऑक्टोबर
दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. थोरांना पत्र लिहिताना सुरुवात कशी करायची ते बाबांनी घोकून घेतलं होतं, पण ते सगळं तुला लिहायला गेले तर मलाच हसू येईल, म्हणून एवढ्यावर भागव. वहिनीचा निरोप मिळाला. तिला सांग, मी वेळेवर जेवते आणि वाळून काडी झालेले नाही. तुझा गुडघा कसा आहे? दुकानात दिवसभर उभा राहतोस आणि वर जिन्यावरून उड्या मारत उतरतोस, असं तिच्याकडून कळलं. वयाचं भान ठेव जरा.

आधी अक्षराबद्दल. एवढाली अक्षरं बघून म्हणशील, आमचं भिंग परत पहिलीत गेलं की काय. पेन जाड आहे, बाकी काही नाही. आणि फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी हॅलो म्हटलं की तुला आवाजावरून वास लागतो आणि 'काय झालं, काय झालं' सुरू होतं. कागद बरा. मधे तोंड घालत नाही.

तर बातमी अशी की दुकानाची वेबसाइट झाली. होय, झाली एकदाची. 'नाव टाक, पत्ता टाक, चष्म्याचं एक चित्र टाक, दोन तासांचं काम' असं तू म्हणाला होतास, आणि मी फोन ठेवल्यावर घरभर पाय आपटत फिरले होते. आमच्या साहेबांचंही हेच. मागे बसून हिशेबाची नि माहितीच्या साठ्याची व्यवस्था लावतात ते म्हणे खरे कामकरी, आणि आम्ही फ्रंटएंडवाले, म्हणजे गिऱ्हाइकाला जे दिसतं आणि बोटाला जे लागतं ते करणारे, आम्ही रंगारी. परक्याने म्हटलं तर सोडून देते. तुला तरी कळायला हवं होतं. आपण चष्म्यांच्या, काचेच्या दुकानात वाढलो.

बाबा सकाळी दुकान उघडल्यावर काय करायचे आठवतं? जुन्या वर्तमानपत्राचा बोळा करून दर्शनी काच पुसायची, आणि मग सरळ रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभं राहायचं. हात मागे बांधून आपलंच दुकान बघत. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जायचे. परत आले की एखादी फ्रेम बोटभर सरकवायची, पाटीवरचा दिवा थोडा वाकवायचा, आणि पुन्हा पलीकडे. मला लाज वाटायची. एकदा विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाईक तिथून येतं. मग दुकान तिथूनच बघायला नको?"

माझी नोकरी म्हणजे तेवढंच आहे, दादा. रस्ता ओलांडायचा. मी पान तयार करते आणि मग खुर्चीवरून उठून ते दुरून बघते, स्वस्तातल्या जुन्या फोनवर उघडते, उन्हात नेऊन बघते, अंगठ्याने चालवते कारण लोकांच्या दुसऱ्या हातात पिशवी असते. गेल्या वर्षी साहेबांना 'ऑर्डर द्या'चं बटण फिकट करायचं होतं, शोभून दिसतं म्हणून. मी हट्टाला पेटले. शेवटी त्यांच्या आईला फोन दिला आणि म्हटलं, 'काकू, एक वस्तू मागवून दाखवा.' काकूंनी सगळं पान वरखाली केलं आणि विचारलं, 'द्यायची कुठे ऑर्डर?' बटण गडद झालं.

आपल्या साइटसाठी मी पहिला विचार हाच केला की ही उघडणार कोण. ज्याचा चष्मा मोडलाय तो! म्हणजे ज्याला धड दिसत नाही तो. मग बारीक अक्षरं नि फिकट रंग काय कामाचे? म्हणून सगळ्यात वर दुकानाचं नाव, आज चालू की बंद, फोनचं मोठं बटण, आणि दारातल्या पायरीचा फोटो, कारण त्या पायरीला सगळे ठेचकाळतात. फ्रेमचे फोटो खाली. तू नाक मुरडशील की सगळंच ढोबळ दिसतंय. दिसू दे. चष्मा काढून बघ, मग बोल. मी तसंच तपासलं. आधी चष्म्याशिवाय, मग एकेक डोळा झाकून.

मागच्या भिंतीवरच्या नजर तपासायच्या तक्त्याचा फोटोही टाकलाय. वहिनीने पाठवला तेव्हा त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत बसले. शाळेतून आलो की त्याच्यासमोरच अभ्यासाला बसायचो ना आपण. पाढे कच्चे राहिले पण तक्ता तळापर्यंत पाठ. तुला फळा दिसेना झाला तेव्हा चष्मा नको म्हणून तू बाबांसमोर शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवलीस, आणि खुर्चीतून उठून थेट स्टुलावर आदळलास. मी हसून हसून खाली बसले. बाबा चिडले नाहीत. तक्ता उतरवला, मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या हाताने वेगळी अक्षरं रंगवली, आणि आपल्या दोघांची नजर तपासायची असली की तो उलटा टांगायचे. दुसऱ्या दिवशी तुला चष्मा लागला आणि मी तुला घुबड म्हणायला लागले. अजूनही म्हणते, मनात.

थांबते. डोळे दुखायला लागले.


सोमवार, सकाळ

काल थांबले ते डोळे दुखले म्हणून नाही. पुढचं लिहायचा धीर झाला नाही. आता ऑफिसला जायच्या आधी एका दमात लिहून टाकते. तू उभा असशील तर बस.

मध्यंतरी आमच्या डिझायनरने एक पान दाखवलं. त्यात वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ होती. मी म्हटलं, ही मधे वाकलीय. तो म्हणाला, सरळ आहे. मी म्हटलं, अरे चक्क पोट आलंय तिला. ऑफिसात माझ्या नजरेची ख्याती आहे, एका ठिपक्याचा फरक मी लांबून पकडते, त्यामुळे तो बिचारा गडबडला. फूटपट्टी आणली, स्क्रीनला लावली. रेघ सरळ. सगळे हसले. मीही हसले, दमलेय म्हटलं, आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावलं.

तिथल्या भिंतीला पांढऱ्या चौकोनी फरश्या आहेत. मी उजवा डोळा झाकला. फरश्यांच्या रेघा मधोमध फुगल्या होत्या. डावा झाकला, सगळ्या सरळ. पुन्हा उजवा झाकला.

पुढचं तुला माहीत आहे, आणि मलाही. दुसऱ्या कुणाच्या मुलीला कळलं नसतं, ती नंबर बदलला असेल म्हणून गप्प बसली असती. बाबा वयस्कर माणसांना दाराशी बसवायचे, एक डोळा झाकायला लावायचे आणि समोरच्या गोदामाची लोखंडी जाळी दाखवायचे. 'कुठे वाकडी दिसते का, बघून सांगा.' कुणी हो म्हटलं की दुखणं नंबराचं नाही, डोळ्याच्या पडद्याचं; त्या दिवशी त्याला चष्मा विकायचा नाही. शटर खाली ओढायचं, त्याच्या दंडाला धरायचं आणि स्वतः डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. आपल्याला ते शाळेसारखी सुट्टी वाटायची, आपण दुकानाच्या पायरीवर खेळत बसायचो. परत आल्यावर बाबा शटर वर करायचे. वेळेत नेलं तर डोळा वाचतो, एवढंच म्हणायचे.

आणि मी काय केलं? डॉक्टरकडे गेले नाही. ऑफिसजवळच्या चष्म्याच्या दुकानात गेले. भिंतीवर तोच तक्ता, आपलाच, त्याच कंपनीचा. त्या माणसाने उजवा डोळा झाकला, वाचा म्हणाला, आणि दादा, खरंच सांगते, मला फसवायचं नव्हतं. पण दिसायच्या आधीच जीभ चालायला लागली. शेवटच्या ओळीपर्यंत. तो म्हणाला, 'मॅडम, नजर उत्तम आहे.' मी थँक्यू म्हटलं. बाहेर आले आणि इतकं हलकं वाटलं की वाटेत स्वतःसाठी फुलं घेतली. घरी येऊन ती पेल्यात ठेवली, उजवा डोळा झाकला, आणि फुलांच्या जागी नुसता एक डाग होता.

त्याला आता बरेच दिवस झाले. रोज सकाळी फरश्या बघते, आज सरळ असतील म्हणून. पेन जाड आहे हे खरं आहे, पण ते का घेतलं ते तुला कळलंच असेल.

मला भीती वाटते. आमच्या धंद्यात न बघता काम करणारी माणसं आहेत, त्यांचा कॉम्प्युटर त्यांना सगळं वाचून दाखवतो. त्यांना पान नीट ऐकू यावं म्हणून मी स्वतः डोळे मिटून तपासते, आपलं पानही तसं तपासलंय. म्हणजे वेळ आली तर मीही शिकेन, उपाशी मरणार नाही. पण मला बघायला आवडतं रे. एखादी फ्रेम नाकावर कणभर तिरकी बसली की बाबांना आधी दिसायची आणि मग मला. बाबांचं माझ्याकडे तेवढंच आहे. दुकान तुला मिळालं, मला ही नजर मिळाली. तुला काल का नाही लिहिलं, आज का लिहिते, ह्याचं कारण सांगते. कुणाला सांगितलं की ते खरं होईल असं वाटत होतं. काल तक्त्याबद्दल लिहिताना जाणवलं की तसं काही नसतं. ते केव्हाच खरं झालंय.

इथे डॉक्टर आहेत, चांगले आहेत, मला पत्ते माहीत आहेत. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. मला माझ्या पायांनी आत जाता येत नाही. कुणीतरी दंडाला धरून न्यायला हवं.

गुरुवारी सकाळी पोचते. हे पत्र आजच कुरियरने टाकते, त्याआधी मिळेल. चिडू नकोस, फोन करू नकोस, फोनवर मी 'बरी आहे' म्हणून टाकीन, आजवर तेच करत आले. वहिनीला तू सांग, रडारड नको म्हणावं. साइटवर गुरुवारी 'दुकान बंद' असं मी आत्ताच लावून टाकलंय, गडद अक्षरात, कुणाची फेरी फुकट जायला नको.

आणि मी यायच्या आधी तक्ता उलटा टांगून ठेव. बाबांनी रंगवलेली बाजू पुढे कर. ती मला पाठ नाही. तुझ्यासमोर बसून जेवढं दिसेल तेवढंच वाचीन, आणि मग शटर ओढ.

तुझंच,
भिंग