तेजू-अभिची मधली वर्षं

६ जानेवारी, सोमवार

चॅनलला लीप हवाय! सरळ सात वर्षांचा. आमच्या मालिकेतले तेजू आणि अभि, ज्यांचा आत्ता कुठे बारावीचा निकाल लागलाय, ते पुढच्या महिन्यात एकदम लग्न झालेले, नोकरीला लागलेले, आणि मधे उभी एक फ्रॉकवाली मुलगी.

विनीतने व्हिडिओ कॉलवर हे वाचून दाखवलं. तो हेड रायटर, म्हणजे चॅनलशी तो बोलतो आणि आम्ही संवाद लिहिणारे फक्त ऐकतो. मी म्यूट करून जोरात ओरडले. आई स्वयंपाकघरातून धावत आली – पाल दिसली का म्हणून.

मग अनम्यूट करून सभ्यपणे विचारलं, मधली वर्षं कुठे गेली? नववीतल्या पोरांना दोन वर्षं एका बाकावर बसवून ठेवलं आपण, आता ती मोठी कशी झाली हे दाखवायचंच नाही?

विनीत म्हणाला, "सुरुची, प्रेक्षकांना मोठं होणं नको असतं. मोठे झालेले हवे असतात."

हे वाक्य त्याने नक्की अंघोळ करताना घोटून ठेवलं होतं.

८ जानेवारी

मोरिवलीला उन्मेषच्या कंपनीबाहेरच्या टपरीवर चहा. लीपची सगळी रडकथा त्याला ऐकवली. त्याने बिस्कीट चहात बुडवलं आणि म्हणाला, "घेऊन टाका ना लीप. सुटतील बिचारे."

मला हसूच आलं. आम्हाला कुठे कुणी लीप दिला! अकरावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला एकाच टेबलवर आलो, तेव्हापासून रोजच्या रोज आहोतच की. त्याचं ग्रॅज्युएशन, माझ्या सुटलेल्या दोन नोकऱ्या, त्याच्या बाबांचं आजारपण, सगळं एकत्र काढलं. कंटाळवाणे एपिसोडसुद्धा. हेच तर मला लिहायचंय!

निघताना लग्नाच्या हॉलचं विचारलं. "बघू" म्हणाला. हा माणूस वडापाव खायचा का विचारलं तरी बघू म्हणतो.

९ जानेवारी

बाबा आज पुन्हा – मे महिन्याच्या तारखा भराभर जातायत.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अंबरनाथला उन्मेषकडे गेले. त्याची आई, वृंदाकाकू, आमची मालिका बातम्या बघाव्यात तशी बघतात. आणि याला कारण मीच.

मागे एकदा उन्मेष माझा वाढदिवस विसरला. मी चकार शब्द काढला नाही. फक्त अभि तेजूचा वाढदिवस विसरतो असा सीन लिहिला. तो लागला त्या दिवशी काकूंनी उन्मेषला हाक मारून टीव्हीसमोर बसवलं. अर्ध्या तासात गडी केक घेऊन सोनिवलीत आमच्या दारात! मग ती पद्धतच पडली. त्याने भयानक मिशी वाढवली, तेजूने अभिच्या मिशीला नावं ठेवली, मिशी गेली. तोंडाने सांगितलं की भांडण, टीव्हीवरून सांगितलं की काम फत्ते. उन्मेष म्हणतो, "तू बोलत नाहीस, टेलिकास्ट करतेस."

काकूंनी तिळगूळ हातावर ठेवला. "पुढच्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालायचेत तुला. काळी साडी मी घेणार, तुझ्या आईला सांगून ठेव." मी लाजले. खरंच लाजले, या वयात.

उन्मेष तेवढ्यात म्हणाला, कंपनी त्याला दहेजच्या प्लान्टवर पाठवायचं म्हणतेय. गुजरातेत. मी म्हटलं, "जाऊ की. मला काय, लॅपटॉप उघडला की झालं ऑफिस." तो डब्यातला फुटका लाडू शोधत बसला.

१६ जानेवारी

जिंकले! विनीतने चॅनलकडून एक आठवडा काढला. लीपच्या आधी सहा एपिसोड, मधल्या वर्षांचे. अट एकच – नुसतं मोठं व्हायचं नाही, काहीतरी घडलं पाहिजे, लोक रडले पाहिजेत.

दुपारी बसले आणि एका दमात सीन लिहिला. कॉलेज संपलंय. तेजू अभिला चहाच्या टपरीवर बोलावते आणि म्हणते, "तू अजून नववीतल्या तेजूला सांभाळत बसलायस. ती मलाही आता भेटत नाही. मी कोण झाले हे तू कधी विचारलं नाहीस, आणि खरं सांगू, मीपण तुला नाही विचारलं. आपण फक्त सवयीने भेटतो." अभि रिकामा ग्लास तोंडाला लावतो.

आई वाचून रडली. म्हणाली, "अगं, हे तुमच्या दोघांचं नाही ना?" काहीतरीच! उलट पहिल्यांदाच मी आमच्यातलं काही घेतलं नाही. सगळं डोक्यातून. टपरी तेवढी मोरिवलीची घेतली, दुसरी डोळ्यासमोर येईना.

असतील कुठेतरी अशी दोघं बिचारी. मी फार खूश आहे आज.

२० जानेवारी

सीन शूट झाला. तेजू करणारी मुलगी ग्लिसरीनशिवाय रडली म्हणे! चॅनलही खूश. पण त्यांचं एक आहेच – इतकं तोडून चालणार नाही, पुढच्या आठवड्यात परत जोडा, मग लीप. जोडले. गुरुवारच्या एपिसोडला पावसात भेटतात. पाऊस अर्थातच टँकरचा.

आता हे सगळं बँकेत. आमच्याकडे तयार एपिसोडच्या साठ्याला बँक म्हणतात. आज लिहिलेलं लोकांना फेब्रुवारीत दिसणार. तोवर मीसुद्धा विसरलेली असते.

२५ जानेवारी

उल्हासनगर कॅम्पात साडी बघायला गेले. दुकानदार सिंधी अंकल, त्यांच्या मिसेस मराठी शिकल्या त्या आमची मालिका बघून! मी लिहिते म्हटल्यावर थंडा मागवला. "बेटा, वो दोनों की शादी कब करा रहे हो?"

"लीप में ही हो जाएगी, अंकल."

"और तुम्हारी?"

"मई में." पहिल्यांदाच असं परक्या माणसाला सांगितलं. किती सोपं वाटलं! साखरपुड्याला मोरपंखी साडी घेतली. फोटो उन्मेषला पाठवला. उत्तर म्हणून अंगठा.

अंगठा! रंगाबद्दल तरी काही बोलायचं माणसाने.

१ फेब्रुवारी

बाबांनी हॉल पक्का करून टाकला. उन्मेषला फोनवर सांगितलं तर, "इतक्यात?" मी म्हटलं, इतक्यात काय, अकरावीपासून चाललंय. मग म्हणाला, "सुरुची, मला जरा बोलायचं होतं. पण तोंडावर सांगायला मला जमत नाही, तुला माहितीये."

"मग टेलिकास्ट कर," मी म्हटलं. तो हसला. मग त्याला प्लान्टमधून कुणीतरी हाक मारली.

काय असेल? बहुतेक दहेज. येते म्हटलंय ना मी.

४ फेब्रुवारी

उद्याचा प्रोमो तुफान चाललाय. वृंदाकाकूंनी मलाच तीनदा फॉरवर्ड केला. "उन्मेषला लवकर यायला सांगितलंय बघायला."

५ फेब्रुवारी, बुधवार

साडेसातला टपरीचा सीन! बाबासुद्धा पेपर ठेवून बसलेत. मला धड बसवत नाहीये.

६ फेब्रुवारी

काल एपिसोड संपल्या संपल्या उन्मेषचा मेसेज आला. "पाहिला. तुझं बरोबर आहे. मला हेच किती दिवस सांगायचं होतं, धीर होत नव्हता. बरं झालं तूच बोललीस. दहेजला हो कळवलं. काकांची माफी मी येऊन मागतो."

मी काहीच बोलले नव्हते. मी फक्त सीन लिहिला होता.

फोन हातात घेऊन हेच टाइप केलं, आणि पाठवलं नाही. सीन परत वाचला. त्यातलं एकही वाक्य मला खोटं म्हणता येईना. खूप रडले. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

तेजू आणि अभि पुढच्या गुरुवारी परत भेटतात. ते शूट होऊन पडलंय.