हळदीचा अंगठा

इंदूर
७ फेब्रुवारी १९९३

चि. धम्मदीनास बाबांचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मिलचा भोंगा बंद होऊन वर्ष झालं, तरी पहाटे डोळा उघडतोच. पोलोग्राउंडला एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगचं काम मिळालंय, टेन्शन घेऊ नकोस. थंडीत डाव्या अंगठ्याचं तुटलेलं टोक ठणकतं, कागद धरताना जाणवतं. मशीनने नेलं ते नेलं.

आई इथेच आडवी पडून मजकूर सांगतेय. परीक्षा सोडून होळीला यायचं नाही, असं तिने दोनदा बजावलं.

तुझ्या लॅबमधल्या जांभळ्या दिव्याचं वाचून हसू आलं. मिलमध्ये आमच्या फोल्डिंग खात्यातही कापड तपासायला तसला होता. धुतलेला तेलाचा डागसुद्धा त्याच्याखाली चमकायचा. आमचा मुकादम, जॉबर मोहन म्हणायचा, भिया, कपडा झूठ नहीं बोलता. बावीस वर्षं मी डागच शोधले. तू कसले शोधतेस ते कळव.

तुझे बाबा
कचरू

पुणे
१६ फेब्रुवारी १९९३

आदरणीय बाबा, सविनय जय भीम.

मी डाग नाही, पेशीतला डीएनए शोधते. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. रंग लावून दिव्यावर ठेवला की केशरी पट्टे उमटतात.

काल गंमत म्हणून तुमचं पत्र त्याखाली धरलं. एरवी कोरा दिसणारा कोपरा हिरवट-पिवळा चमकला. हळद होती. आमच्या मॅडमना दाखवलं, त्याही खूप हसल्या. आईला म्हणावं, चोरी पकडली. फोडणी टाकून तू थेट कागदाला हात लावतेस, आणि वरवर धुतलेली हळद इथे लपत नाही. खरं सांगू, तो कोपरा बघून तिची फार आठवण आली.

परीक्षा संपली की लगेच निघते.

तुमची
धम्मदीना

इंदूर
२५ फेब्रुवारी १९९३

चि. धम्मदीनास अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती हसली. म्हणाली, पोरगी हुशार झाली, आता तिच्यापासून काही लपायचं नाही. हवा बदलल्यामुळे तिचा आवाज जरा बसलाय, बाकी आराम आहे. यापुढे कागदाला हात लावण्याआधी साबण लावायला सांगेन.

तू अभ्यासाकडे लक्ष दे.

तुझे बाबा

पुणे
१८ एप्रिल १९९३

आदरणीय बाबा, जय भीम.

परवा इंदूरहून परत हॉस्टेलवर पोचले. प्रवासभर एकच डोक्यात होतं. मार्चअखेर तार मिळताच निघाले, तरी घरी पोचले तेव्हा आईला स्मशानात नेण्याची तयारी झालेली होती.

शेजारच्या इंदिराबाईंनी मला सगळं सांगितलं. जानेवारीपासून ती अंथरुणाला खिळलेली, चूल तुम्ही सांभाळलीत, आणि मला कळवायचं नाही ही तिचीच शपथ. तुमच्यावर माझा राग नाही. राग आहे तो माझ्यावर.

काल ते फेब्रुवारीतलं पहिलं पत्र पुन्हा दिव्याखाली धरलं. हळदीचा ठसा अंगठ्याचा आहे, आणि त्याला टोक नाही. लहानपणी तुमचा तोच अंगठा धरून मी रस्ता ओलांडायचे. तो माझ्यासमोर चमकत होता, आणि मी मॅडमना दाखवून हसत होते. घरात फोडणी कोण देतंय, हे त्याच दिवशी कळायला हवं होतं. तेव्हाच गाडीत बसले असते, तर आईपाशी दीड महिना मिळाला असता.

जेवत जा. पत्र लवकर पाठवा. आणि बाबा, मला लिहायला बसाल तेव्हा हात धुऊ नका.

तुमची
धम्मदीना