शेखरच्या कम्प्रेसरची थरथर

बुधवार, ११ जून २०२५

सगळ्यात आधी आली ती जयवंता! चहा अजून गाळला नव्हता तं ही शेजारीण दारात. "काहो पार्बताबाई, शेखरभाऊले नोटीस भेटली म्हणते?" अशी इचारते जशी चिंतेनं वाळूनच राहिली बिचारी. तिच्या मागून तिची नणंद, मंग समोरची. मूर्तिजापुरात बातमी रेल्वेच्या आधी पोचते!

भेटली. खरं हाय. शेखर माहा एकुलता एक. अकोल्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं झाले फिटर. रोज सकाळची गाडी. तिथं गॅस दाबाचं मोठं मशीन हाय, कम्प्रेसर म्हणतात. होळीच्या वक्ती ते खोलून साफ केलं, तवापासून पुरा गॅस सोडला का थरथरते. तीनदा खोललं, तीनदा बसवलं. थरथर तशीच! मंग वामनराव साहेबानं लिहून देलं — फिटरनं बसवण्यात चूक केली, चौकशी करा. रिटायर व्हायले सात महिने राहिले अन् हे!

मी तिसरी शिकलेली, मले मशीनचं काय समजते. पण पोरगा चार दिवसांपासून भाकर अर्धी सोडून उठते, तेवढं समजते.

शनिवार, १४ जून

प्रणाली आली पुण्याहून! माही नात, शेखरची पोरगी. इंजिनिअर हाय, अशाच गरगर फिरणाऱ्या मशीनींचं काम करते. केस कापून आली, बरे नाई दिसत, पण म्हणलं जाऊ दे. बॅग खाली ठेवाच्या आधीच बापाले इचारते — "बाबा, होळीले नवीन काय बसवलं?"

"काई नाई. बेअरिंग जुनेच. सील तेवढे नवीन."

"आधीपेक्षा घट्ट?"

"साहेबाचीच ऑर्डर. गॅस लय गळे."

मी मधातच तोंड घातलं, सील काय असते? तं म्हणे, आजी, मशीनच्या पोटात जाड दांडा फिरते. तो कुठी घासला नाई पाहिजे, म्हणून भवताल बारीक फट सोडा लागते. त्या फटीतून गॅस पळते. त्याले अडवाले दात्याची कडी बसवतात, फणीसारखी. ते सील.

शेखर म्हणे, "सील दांड्याले टेकतही नाई. ते कसं हालवंन त्याले?"

"सील नाई हालवत बाबा, फटीतला गॅस हालवते. दांड्याच्या संगं तोही गोल फिराले लागते, अन् फिरता फिरता दांड्यालेच रेटते."

शेखर हासला. इतक्या दिवसांत पह्यल्यांदा हासला, अन् तेही पोरीलेच! "पुण्यात हेच शिकवते का वं?"

रविवार, १५ जून

आज माहा दिवस!!

मांगच्या दिवाळीले शेखरनं बिजलीची रवी आणून देली. म्हणे माय, तुहे हात दुखतात. हात दुखत, पण दोरीच्या रवीचं ताक गुणाचं. दोरीची रवी एकदा इकडं फिरते, एकदा तिकडं, ताक बिचारं कुठंच पळत नाई. ही मोटरवाली एकाच बाजूनं पळते. ताकही तिच्या मागं गोल गोल, अन् मंग ते ताकच रवीले ढकलते. डेऱ्याच्या काठाले ठकठक ठकठक! म्हणून लाकडाचा डाव उभा धराचा डेऱ्यात. ताक अडलं का रवी सरळ. माहं रोजचंच हाय हे.

प्रणाली बाजूले चहा पीत बसली होती. एकदम वरडली — "आजी, डाव काढ!" काढला. ठकठक. "टाक!" टाकला. चूप. "बाबा, लवकर या!" सूनबाईलेही बसवलं, रागिणीले. चारी बाजूनं चार डाव-पळ्या उभ्या धरल्या. रवी जागची हालंना!

शेखर खाली बसला. लय वेळ डेऱ्यात पाहे. मंग हळूच म्हणे, "पोरी, मशीन रिकामं चालवलं तं हालत नाई. गॅसचा दाब चढला का हालते. अन् मी पेचकसचं टोक मशीनले अन् मूठ कानाले लावून ऐकलं. दांडा फिरते त्याच्या अर्ध्या तालात धक्का येते, दोन फेऱ्यांले एक."

"हे कोणाले सांगतलं बाबा?"

"फिटरचं कोण ऐकते?"

ती कपाळाले हात लावून बसली. म्हणे, बसवण्यात तोल चुकला असता तं धक्का दांड्याच्याच तालात आला असता. हा धक्का त्याहून हळू, अन् दाबासंगं वाढणारा — हे गॅसचंच काम. अन् थरथरलं का तुमी काय करत होते? सील आणखी घट्ट! फट बारीक झाली का गॅस आणखीच रेटते. बाई बाई. तीन महिने उलटंच औषध देत होते.

तिले हे आधीच माहीत होतं, मी काई शहाणपण नाई सांगत. पण बाप पटला तो माह्या ताकावर! हे लिहून ठेवतो.

मंगळवार, १७ जून

दोघं साहेबापाशी जाऊन आले. प्रणालीनं सांगतलं, पह्यल्या दात्याच्या आधी एक रिंग बसवा, तिले छोटी छोटी उभी पाती. गॅस सीलमधी शिरतानाच त्याचं गोल फिरणं मोडलं पाहिजे.

वामनराव साहेब म्हणे, "पुण्यात चार पुस्तकं वाचली म्हणून अकोल्याचं मशीन ऐकत नसतं, बाई."

मंग कागद पुढं केला. रिंग बसवूनही हाललं तं सगळी चूक माही, असं शेखरनं लिहून द्याचं.

शेखरनं सही केली. इचारलंही नाई मले!

बुधवार, १८ जून

शेखरचा डबा आज मी नाई भरला.

सोमवार, २३ जून

अकोल्यातच लेथवर रिंग बनून राहिली. प्रणालीनं सुटी वाढवली. दोघं बाप-लेक रोज संगं जातात, संगं येतात, गाडीत भांडतात. पाती किती ठेवाचे, किती उंच. काल रागिणी म्हणे, "इतकं तं माह्याशी नाई बोलले कधी." मी म्हणलं, तू पाती बसवून पाह्य!

जयवंता इचाराले आली, "सही करून टाकली म्हणते?" म्हणलं हो, करून टाकली. ताठ मानेनं सांगतलं.

शुक्रवार, २७ जून

सकाळपासून काई सुचलं नाई. भाजीत मीठ दोनदा. दुपारून तीन वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. शेखरचा! मी हालो हालो करून राहिली, तिकडून नुसता एक आवाज — घूंऽऽ. एकसारखा. तो अर्ध्या तालातला धक्का नाई, काई नाई.

मंग म्हणे, "ऐकलं का माय? पुरा गॅस चढवला. मशीनवर पाण्याचा पेला ठेवला, पाणी हालत नाई."

अन् माहं पोरगं फोनवर रडलं. मीही रडली. रागिणी बाहेरून पळत आली, तिले वाटलं मशीन फुटलं!

लोण्याचा गोळा वाटीत घेतला अन् जयवंताच्या घरी स्वतः गेली. म्हणलं, घे. शेखरच्या मशीनचं. सगळ्या गल्लीले सांगजो.

रविवार, २९ जून

वामनराव साहेब घरी! संगं दोन तरणे साहेब. बसाले सतरंजी झटकली, तं म्हणे आधी तुमच्या नातीनं सांगतला तो डेरा दाखवा, आजीबाई. चारही डाव धरून दाखवले. साहेब उकिडवा बसून पाहे. पँट ताकानं भरली, तरी उठला नाई.

मंग नोटीस मागं घेतल्याचा कागद काढला अन् माह्यासमोर शेखरच्या हातात देला. "घट्ट सीलची ऑर्डर माझी होती, शेखरराव. चौकशीच्या फायलीत तसंच लिहिलंय."

शेखरराव! एकतीस वर्षांत पह्यल्यांदा राव.

प्रणालीले म्हणे, "बाई, अकोल्याच्या मशीननं ऐकलं."

ती म्हणे, "माह्या बाबानं आधी ऐकलं."

सोमवार, ३० जून

कालचं एक लिहाचं राहिलं. जाता जाता साहेब पायरीवर थांबला. खाली पाहून म्हणे, त्याच ऑर्डरीचे सील कंपनीच्या दुसऱ्या पाच कारखान्यांतही बसले. पाचही मशीनी थरथरून राहिल्या. पाचही फिटरवर चौकशी, दोघं तं घरीच बसवले.

शेखर म्हणे, "त्याइले घेऊन या इथं."

आज त्या फिटरचे फोन आले; येत्या सोमवारी, सात तारखेले, सकाळच्या गाडीनं येतो म्हणाले. पाचही.